ड्रॅक्युलाचा सिक्वेल मूळ पिक्चरशी कसा ताडून बघायचा

व्हॅम्पायरचा सिक्वेल बघून झाला की पहिला प्रश्न ठरलेला, "पहिल्याइतका भारी आहे का?" या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही असं मला वाटतं, कारण भीती पहिल्या खेपेलाच जास्त वाटते, दुसऱ्यांदा तोच सुळेवाला माणूस काळा झगा घालून आला की आपण आधीच तयार होऊन बसलेलो असतो. त्यापेक्षा हे बघा की सिक्वेलने मूळ पिक्चरमधलं काय काढून घेतलं आणि त्या रिकाम्या जागी काय बसवलं.

हे शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे ब्रिटनच्या हॅमर कंपनीचे ड्रॅक्युला. मूळ पिक्चर 1958 चा, क्रिस्टोफर ली ड्रॅक्युला आणि पीटर कुशिंग त्याला मारायला निघालेला व्हॅन हेल्सिंग. त्यानंतर 1960 मध्ये 'ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला' आला, त्यात व्हॅन हेल्सिंग आहे पण ड्रॅक्युलाच नाही! मग 1966 मध्ये 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस', त्यात ड्रॅक्युला परत आला पण व्हॅन हेल्सिंग नाही, तो फक्त सुरुवातीला जुन्या क्लायमॅक्सचा तुकडा दाखवतात तेवढ्यात दिसतो. तिन्हींचा दिग्दर्शक एकच, टेरेन्स फिशर. म्हणजे एकाच माणसाने एकदा राक्षस काढून बघितला आणि एकदा त्याला मारणारा.

मूळ पिक्चर आधी बघा, जमलं तर सलग, तो 82 मिनिटांचाच आहे. दुसरा लगेच लावू नका, मध्ये एक रात्र जाऊ द्या आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: व्हॅम्पायर पहिल्यांदा कसा दिसला, त्याचे नियम काय, आणि त्याला मारताना कॅमेरा कुणाच्या बाजूने होता. परीक्षणं तोपर्यंत वाचू नका, नाहीतर दुसऱ्याचंच मत आपलं वाटायला लागतं.

पहिली एंट्री. 1958 मध्ये जिन्याच्या वर नुसती काळी आकृती, संगीत एकदम अंगावर येतं, आणि मग तो भराभर खाली उतरतो आणि एखाद्या सभ्य यजमानासारखं पाहुण्याचं स्वागत करतो. थोड्याच वेळात तोच माणूस लायब्ररीत लाल डोळे आणि रक्ताने माखलेलं तोंड घेऊन दारात उभा, आणि आपण हादरतो कारण आधी त्याला नीट बोलताना ऐकलेलं असतं. 1966 मध्ये तो एक शब्दही बोलत नाही. त्याला यायलाच जवळजवळ अर्धा पिक्चर जातो, ड्रॅक्युलाचा नोकर एका पाहुण्याला मालकाच्या राखेच्या वर उलटा टांगतो, गळा चिरतो, आणि रक्त राखेवर पडतं. हा सीन मला आजही बघवत नाही, इतका थंडपणे केलाय. पण त्यानंतर जो उठतो तो नुसता जनावर आहे, यजमान गेला. वहीत लिहायचं ते हेच, ड्रॅक्युला परत आणला पण त्याचा सभ्यपणा काढून घेतला.

नियमांकडे नीट लक्ष द्या, सिक्वेल तिथेच पकडला जातो. मूळ पिक्चरमध्ये व्हॅन हेल्सिंग स्पष्ट सांगतो की व्हॅम्पायर वटवाघूळ वगैरे बनतात हा लोकांचा गैरसमज आहे, आणि 1960 वाल्यातला व्हॅम्पायर बॅरन माइन्स्टर सरळ वटवाघूळ होऊन उडतो! मला हे खटकलं. पण त्याच पिक्चरमध्ये व्हॅन हेल्सिंगला स्वतःलाच चावा बसतो आणि तो तापलेल्या लोखंडाने आपली मान डागून घेतो, वर पवित्र पाणी ओततो, आणि ही भर मूळ पिक्चरच्या नियमांतूनच उगवलेली आहे. नियम मोडणं आणि नियम पुढे नेणं यातला फरक इथे एकाच पिक्चरमध्ये बघायला मिळतो.

संगीत हेडफोन लावून ऐका. जेम्स बर्नार्डची ड्रॅक्युलाची धून 1966 मध्ये परत येते, 1960 वाल्याचं संगीत दुसऱ्याचं आहे, आणि ते कानाला लगेच कळतं. आणि 1966 चा पिक्चर रुंद फ्रेमचा आहे, कडा कापलेली कॉपी मिळाली तर ती बघून मत बनवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाईला मारण्याचा सीन. मूळ पिक्चरमध्ये लूसी व्हॅम्पायर झालीये, तिने एका लहान मुलीला रात्री बाहेर नेलंय. व्हॅन हेल्सिंग आधी त्या मुलीला आपला कोट गुंडाळतो, तू टेडी बेअरसारखी दिसतेस म्हणतो, आणि मगच आत जाऊन लूसीच्या छातीत लाकडी खुंटी ठोकतो, व्हॅम्पायरला मारतात ते असं. ठोकून झाल्यावर लूसीच्या भावाला बोलावून तिचा शांत झालेला चेहरा दाखवतो. 1966 मध्ये तीच वेळ हेलनवर येते. बार्बरा शेलीने ही हेलन काय केलीये! किल्ल्यात आलेल्या पाहुण्यांच्या आख्ख्या ग्रुपमध्ये एकटी तीच आधीपासून सांगत होती की या किल्ल्यात थांबू नका, आणि कुणी ऐकलं नाही. शेवटी मठातले साधू तिला टेबलावर दाबून धरतात, ती धडपडतेय, ओरडतेय, आणि फादर सँडॉर खुंटी ठोकतो. हाच सँडॉर पिक्चरच्या सुरुवातीला एका मेलेल्या मुलीच्या प्रेतात खुंटी ठोकायला निघालेल्या गावकऱ्यांना झापत होता.

माझ्या मते 1966 चा पिक्चर या एका सीनमुळे मूळ पिक्चरच्या शेजारी बसतो, बाकी कथा विरळ असली तरी. व्हॅन हेल्सिंग काढल्यावर त्याच्या जागी हातोडा उरला, कोट गुंडाळणारा हात गेला. हे दोन सीन एकामागोमाग लावून बघा, आधी लूसीचा, मग हेलनचा, आणि दुसऱ्या वेळी आवाज बंद करून फक्त खुंटी धरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा.