बाळाची ॲलर्जी ओळखताना या चुका टाळा

अंगावर पुरळ दिसलं की घरात चौकशी सुरू होते ती ‘काय खाल्लं?’ याची. खाल्ल्यावर किती वेळाने उठलं, हे कुणी विचारत नाही, आणि निदान बहुतेक वेळा तिथेच चुकतं.

घड्याळ न पाहणं

झटपट होणारी ॲलर्जी काही मिनिटांपासून दोन तासांत दिसते: गांधी (अंगावर उठणारे फुगीर, खाजरे चट्टे), ओठ-पापण्यांना सूज, उलटी, खोकला, छातीत घरघर. गांधी एका जागी विरते आणि दुसरीकडे उठते. घामोळं मात्र मानेच्या वळीत, पाठीवर तिथेच बसून राहतं. सोलकढी किंवा टोमॅटो लागून फक्त तोंडाभोवती लाली आली आणि थोड्या वेळात गेली, तर ती बहुधा आंबटाने झालेली जळजळ असते.

दुसरा प्रकार संथ. गाईच्या दुधाच्या ॲलर्जीत शौचात रक्त किंवा शेंबडासारखा चिकटा काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. आणखी एक प्रकार हमखास निसटतो: खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या, बाळ फिकं, मलूल, अंगावर मात्र काहीच नाही. तांदळाच्या पेजेनेही हे होऊ शकतं, पण पेजेवर संशय घेणार कोण? ‘पोट बिघडलं’ म्हणून सोडून दिलं जातं.

वेळ, पदार्थ, अंदाजे प्रमाण लिहून ठेवा. पुरळाचा फोटो लगेच काढा. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत ते गेलेलं असतं.

एका बांगड्यावरून सगळे मासे बंद

बांगडा बर्फाविना राहिला की त्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन साचतं. ते शिजवून, तळूनही जात नाही. असा मासा खाल्ला की तासाभरात चेहरा लाल होतो, गांधी उठतात. दिसायला हुबेहूब ॲलर्जी. त्याच कालवणाने घरातल्या आणखी कुणाला तसंच झालं का, आणि मुलाने आधी ताजा बांगडा सुखाने खाल्ला होता का, हे डॉक्टरांना सांगा. घरी पुन्हा भरवून खात्री करू नका.

सुंगटं (कोळंबी) आणि कुर्ल्या (खेकडे) यांतलं ॲलर्जी करणारं प्रथिन जवळपास सारखंच, म्हणून एकाची ॲलर्जी असेल तर दुसरंही तपासणीपर्यंत टाळायचं. माशांचं प्रथिन वेगळं. सुंगटांची ॲलर्जी असलेली बरीच मुलं मासे खाऊ शकतात, पण सुंगटं तळलेल्या तेलात तळलेले नव्हे. सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घालून केलेली कोशिंबीर) ताटात असते हेही विसरलं जातं. काही मुलांना तर शिजणाऱ्या सुंगटांच्या वाफेनेही त्रास होतो.

गाईऐवजी शेळीचं दूध

दोन्हींतली प्रथिनं इतकी मिळतीजुळती की त्रास बहुधा चालूच राहतो. लॅक्टोज काढलेल्या दुधातही प्रथिन तसंच असतं. अंगावरचं दूध थांबवू नका. आईने दुग्धजन्य पदार्थ सोडायचे का, ते डॉक्टर ठरवतील.

अंडं, शेंगदाणा, काजू लांबणीवर टाकणं

उशिरा दिल्याने संरक्षण मिळत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केल्यावर त्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. सहा महिन्यांच्या सुमारास, वरचं अन्न रुळल्यावर, एका वेळी एकच नवा पदार्थ द्या. सकाळी, बाळ बरं असताना, पाव चमचा. त्रास नसेल तर हळूहळू वाढवा. अंडं पूर्ण उकडलेलं, शेंगदाणा-काजू बारीक वाटून पेजेत पातळ केलेले. अख्खा दाणा पाच वर्षांखाली नको, घशात अडकतो. मानवलेला पदार्थ दर आठवड्याला चालू ठेवा. तीव्र इसब असेल किंवा आधी ॲलर्जी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

रक्ताचं मोठं पॅनेल

एकाच वेळी अनेक पदार्थांची रक्तचाचणी केली, तर त्रास न होणाऱ्या पदार्थांचीही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. कागद पाहून दहा पदार्थ बंद केले तर मूल अशक्त होतं. संशयित पदार्थाचीच चाचणी करावी.

सिरप पाजून वाट पाहणं

ॲलर्जीचं सिरप खाज कमी करतं, श्वास वाचवत नाही. घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, मूल गळून पडणं किंवा गांधींसोबत वारंवार उलट्या, यांपैकी काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. मुलाला आडवं ठेवा. श्वास लागत असेल तर बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. खरं औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. रस्त्यात पुरळ उतरलं म्हणून गाडी मागे वळवू नका, कारण लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात. डॉक्टर सोडतील तोवर इस्पितळातच थांबा.