मराठ्यांचं मॉड करताय? बंडाच्या बाबतीत या चुका टाळा

युरोपा युनिव्हर्सलिस ४ सारख्या, इतिहासातली राज्यं चालवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी मराठ्यांचं मॉड (म्हणजे खेळात आपण घातलेले बदल) करणारे बहुतेक जण एकाच आकड्यावर सगळा भार टाकतात: असंतोष. आकडा भरला की अख्खा प्रांत उठतो. इथेच पहिलं गणित चुकतं.

१६५९ साली अफझलखान आला तेव्हा मावळातले कान्होजी जेधे शिवाजी महाराजांकडे राहिले आणि खंडोजी खोपडे खानाला मिळाले. भाषा एक, डोंगर तेच. त्यामुळे ‘संस्कृती वेगळी म्हणून बंड’ एवढीच अट पुरत नाही. प्रांतागणिक ‘देशमुखांचा कल’ असा ० ते १०० व्हेरिएबल (बदलता आकडा) ठेवा. वतन कायम केलं तर +२०, काढून घेतलं तर −३०, आणि हे बटण दोन्ही बाजूंना द्या. नुसतं बंडखोरालाच दिलंत तर बादशहा बघत बसतो. पुण्याचा एकच प्रांत असेल तर जहागिरीप्रमाणे पुणे, सुपे, चाकण, इंदापूर असे चार करा. बारा मावळं वेगळी काढायचा मोह आवरा. एवढ्या बारीक प्रांतांवर फौज नीट हलत नाही.

सगळ्यात महागात पडते ती तहाची चूक. शरणागती झाली की बंडाचा आकडा शून्य, असं लिहिलेलं असतं. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात ३५ पैकी २३ किल्ले मोगलांकडे गेले, १२ उरले. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा परत आला, पुढच्याच महिन्यात पुरंदर. म्हणजे किल्ले गेले, माणसं गेली नाहीत. किल्ल्याची मालकी आणि लोकांचा पाठिंबा हे दोन वेगळे हिशेब ठेवा. तहात मालकी पूर्ण बदलू द्या, पाठिंबा फार तर १० ने उतरवा, आणि चार-पाच वर्षांनी बंड परत उसळायची इव्हेंट (आपोआप घडणारी घटना) लावा.

नेता मेला की बंड संपलं, हीही नेहमीची चूक. १६८९ मध्ये संभाजी महाराज, १७०० मध्ये राजाराम महाराज गेले; औरंगजेब मात्र १७०७ ला मरेपर्यंत दख्खनमध्येच अडकलेला होता. नेता गेल्यावर मोठी फौज मोडून तिच्या तीन-चार छोट्या तुकड्या करा आणि शत्रूच्या रसदीवर सोडा.

बंडखोर जिंकूनही त्यांचा नवा देश निघत नसेल, तर आधी कोअर (प्रांतावर देशाचा मूळ हक्क) बघा. प्रांतावर त्या देशाचा कोअर नसेल तर तो देश मुक्त करायच्या यादीत येत नाही. टॅग (देशाचं तीन अक्षरी खूणनाव) नोंदवलाय का आणि देशाची हिस्टरी फाइल (सुरुवातीची माहिती) आहे का, तेही तपासा. देशाच्या नावाच्या जागी कोडातला सांकेतिक शब्द दिसत असेल, तर लोकलायझेशनची (पडद्यावर दिसणाऱ्या नावांची) फाइल बहुधा बॉमशिवाय, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या एन्कोडिंगच्या खुणेशिवाय, सेव्ह झालेली असते. सेव्ह करताना यूटीएफ-८ विथ बॉम निवडा. बाकीचं एरर लॉग (गेमने नोंदवलेल्या चुकांची फाइल) सांगतो; आपण तो उघडत नाही, एवढंच.

शेवटी ऑब्झर्व्हर मोडमध्ये (आपण न खेळता नुसतं बघत) पन्नास-पन्नास वर्षांचे दहा डाव पळवा. दहाही वेळा मराठेच जिंकले तर वतनाचे +२० कमी करा, कितीही जिवावर आलं तरी.