युनियनची नोंदणी होईपर्यंत घ्यायची काळजी

संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 19 ने दिलेला आहे, आणि 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या जागी आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे. तरीही इंदूरच्या सांवेर रोडवर किंवा पीथमपूरला कारखान्यात नव्याने युनियन बांधू पाहणाऱ्या आपल्या मराठी तरुणांसाठी सर्वांत धोक्याचा काळ असतो तो पहिल्या सह्या झाल्यापासून नोंदणीचे प्रमाणपत्र हाती पडेपर्यंतचा. कामगार याच काळात एकटा पाडला जातो. म्हणून सगळी तयारी या काळासाठी करावी.

नोंदणीच्या अर्जावर किमान सात सदस्यांच्या सह्या लागतात आणि त्या दिवशी आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके, सदस्य असावे लागतात. परंतु सातांवर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणीपूर्वी निम्म्यापर्यंत अर्जदार बाहेर पडले तरी अर्ज टिकतो. त्याहून अधिक गळाले तर तो धोक्यात येतो. सातांपैकी चार जण फोडणे मॅनेजमेंटला अवघड नसते. म्हणून वेगवेगळ्या खात्यांतले आणि सर्व शिफ्टमधले पंधरा-वीस जण अर्जदार करावेत. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा कर्मचारी संहितेच्या सर्वसाधारण व्याख्येत कामगार ठरत नाही; युनियनच्या प्रकरणापुरती व्याख्या मात्र व्यापक आहे आणि तीत उद्योगात नोकरी करणारे सर्व जण येतात, हे यादी करताना लक्षात ठेवावे.

पहिली सभा कामाच्या वेळेबाहेर आणि कारखान्याच्या आवाराबाहेर घ्यावी. पानांवर आधीच क्रमांक घातलेल्या बांधीव वहीत तारीख, वेळ, स्थळ आणि उपस्थितांच्या सह्या घेऊन दोन ठराव लिहावेत: एक नियमावली स्वीकारल्याचा, दुसरा अर्ज करण्याचे अधिकार कोणाला दिले याचा. हे ठराव आणि शपथपत्र अर्जासोबत द्यावे लागते. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे मुख्यालय इंदूरलाच असल्याने चौकशीसाठी स्वतः जावे. पीथमपूर मात्र धार जिल्ह्यात येते, तेव्हा तिथल्या वादासाठी समझोता अधिकारी, म्हणजे कामगार-मालक वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी, कोण, हे आधीच विचारून ठेवावे. प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्यावी. इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न मार्गी लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला. लढा इतका लांबू शकतो, म्हणून दप्तर जपण्याला मी एवढे महत्त्व देतो.

दबाव सुरू झाला की संहितेची दुसरी अनुसूची हाताशी ठेवावी. युनियनमध्ये गेल्यास कामावरून काढू अशी धमकी देणे, संघटन चालू असतानाच ते मोडण्याच्या हेतूने पगारवाढ देणे, मालकाच्या पुढाकाराने दुसरी युनियन उभी करणे, धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणे, या सर्व गोष्टी अनुचित श्रमप्रथा ठरतात आणि त्यांसाठी दहा हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. धमकी बहुधा तोंडी असते. ती देणाऱ्याचे नाव, नेमके शब्द, वेळ आणि जवळ कोण उभे होते, हे त्याच दिवशी लिहून काढावे. बदलीचा आदेश गेटवर हातात ठेवला तर तो नाकारू नये. ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असे लिहून, तारीख घालून सही करावी आणि आपली प्रत घेऊनच बाहेर पडावे.

नोंदणी होताच पदाधिकाऱ्यांना संरक्षित कामगार म्हणून मान्यता मिळावी, यासाठी मुदतीत मालकाला लेखी नावे कळवावीत. अशा कामगारांची संख्या एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान पाच आणि कमाल शंभर असते. हे संरक्षण औद्योगिक वादाची कार्यवाही प्रलंबित असतानाच लागू होते; त्या काळात संबंधित प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय मालकाला त्यांना काढता येत नाही. एकाहून अधिक युनियन असल्यास वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळण्यासाठी 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो, त्यामुळे नोंदणीनंतरही सदस्यनोंदणी चालूच ठेवावी.

एखाद्याला कामावरून काढलेच, तर त्याने थांबून राहू नये. त्याने समझोता अधिकाऱ्याकडे लगेच अर्ज करावा, कारण दोन वर्षे उलटल्यावर तिथे कार्यवाही होत नाही. आणि अर्ज करून 45 दिवसांत तोडगा निघाला नाही, तर त्याला थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते.