टँकमधल्या माशाला पांढरे ठिपके आले तर औषध पाण्याला द्यायचं

पहिली गोष्ट, टँक रिकामा करू नका. जुलै लागला की आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी मोबाइलवर फोटो घेऊन दारात उभं असतं, "काकू, माशाला ठिपके आलेत." तोवर घरी कुणीतरी सगळं पाणी मोरीत ओतून खडी उकळायला ठेवलेली असते. आधीच आजारी असलेल्या माशाला नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात टाकून वर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही धुऊन टाकायचे, म्हणजे मासा रोगाने नाही तर उपचाराने जायचा.

आधी ठिपके नीट बघा. टँकचा लाइट बंद करून बाजूने टॉर्च मारा. अंगावर, कल्ल्यांवर, शेपटीवर रवा भुरभुरल्यासारखे सुटे सुटे पांढरे कण दिसले, मासा पर मिटून बसत असेल आणि मध्येच खडीवर अंग घासून सटकन निघत असेल, तर तो 'इक'. त्याचं पूर्ण नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिइस. हा एकपेशीय परजीवी आहे, पण एक मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून चष्म्याशिवायही दिसतो. कण फार बारीक आणि सोनेरी-पिवळसर झाक असलेले असतील तर तो 'व्हेल्व्हेट', वेगळा आजार. कापसासारखा पुंजका असेल तर बहुधा बुरशी. चपटा, हिरवट, अंगावर सरकणारा ठिपका म्हणजे माशांची ऊ, ती चिमट्याने काढता येते. आणि नर गोल्डफिशच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीत पांढरे दाणे आले असतील, तर अभिनंदन करा, तो वयात आलाय. या दाण्यांवर औषधाच्या बाटल्या संपवलेले लोक मी पाहिलेत.

कधी कधी इक फक्त कल्ल्यांच्या आत असतो. अंगावर एकही ठिपका नसतो, पण मासा वर येऊन भराभर श्वास घेतो. नवीन मासे आणल्यानंतर असं झालं तर ठिपक्यांची वाट बघू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जो ठिपका तुम्हाला दिसतो, त्याला कुठलंही औषध लागू पडत नाही. तो माशाच्या कातडीच्या थराखाली बसून खात असतो. पोट भरलं की गळून खाली पडतो, खडीला, काचेला, झाडाच्या पानाला चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. हे कवचही औषधाला दाद देत नाही. मग कवच फुटतं आणि ती पिल्लं मासा शोधत पाण्यात पोहू लागतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध काय ते याच पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले की "बरा झाला" म्हणून औषध थांबवायचं नाही. ठिपके गेले म्हणजे ते खाली पडलेत, आणि आता खडीत त्यांची फौज तयार होतेय. औषधाची खरी गरज त्याच आठवड्यात असते. २५ अंशांच्या आसपास हा फेरा आठवड्याच्या आतच पुरा होतो. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी पूर्ण आठवडा उपचार चालू ठेवायचा, म्हणजे एकूण साधारण दोन आठवडे धरून चला.

औषधाआधी पाणी मोजा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. नेहमीचा दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक ५६ लिटरचा, पण खडी आणि वरची रिकामी जागा वजा करून त्यात ४५ लिटरच पाणी असतं. डोस ४५ चा द्यायचा.

मी मिठापासून सुरुवात करते. जाडं मीठ, लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे वरच्या टँकला ९० ग्रॅम. चमच्याने अंदाज नको, किचनच्या काट्यावर मोजा. टँकमधलंच पाणी मगमध्ये घेऊन त्यात विरघळवा आणि दीड दिवसात तीन भागांत घाला. मीठ उडून जात नाही, हे विसरू नका. पाणी आटलं म्हणून भर घातली तर मीठ घालायचं नाही. दहा लिटर पाणी काढून बदललं तर वीस ग्रॅमच घालायचं. लोच, कोरीडोरास अशा तळाच्या माशांना निम्म्यावर थांबा. काही झाडं मिठाने खराब होतात, ती आधीच वेगळ्या बादलीत काढा.

हीटर असेल तर दिवसाला दोन अंश असं चढवत ३० पर्यंत न्या. गरम पाण्यात परजीवीचा फेरा लवकर पुरा होतो, म्हणजे तो औषधाच्या तावडीत लवकर येतो. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. त्याला हीटर नाही, फक्त मीठ आणि औषध.

दुकानात निळी बाटली मिळते ती बहुतेक मिथिलीन ब्लू. तिने फिल्टरचे जिवाणू मरतात आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं, म्हणून ती वेगळ्या टबातच वापरावी. इकवर जास्त चालतं ते मॅलाकाइट ग्रीन, एकटं किंवा फॉर्मेलिनसोबत. हे माणसालाही चांगलं नाही. हातमोजे घाला, मुलांच्या हातात बाटली देऊ नका. बाटलीवरचा डोस पाळा, बिनखवल्यांच्या माशांना निम्मा. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. रोजच्या डोसआधी खडी सायफनने ओढून पाव भाग पाणी बदला, त्याबरोबर खाली पडलेली कवचंही निघतात. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. सायफन तोंडाने ओढू नका आणि हाताला जखम असेल तर पाण्यात घालू नका. इक माणसाला होत नाही, पण टँकच्या पाण्यातले काही जिवाणू कातडीत शिरून चिवट गाठी करतात.

एकाच माशाला ठिपके दिसले तरी उपचार सगळ्या टँकवर. त्या एकाला काढून बाउलमध्ये ठेवण्याने काही साधत नाही.

आणि हे पावसाळ्यातच का? मे महिन्यात ठाण्यातल्या घरात टँकचं पाणी ३० च्या वर असतं. पहिल्या जोरदार सरीनंतर ते झपाट्याने उतरतं आणि माशाची प्रतिकारशक्ती ढासळते. बेडरूममध्ये एसी असेल तर तिथला टँक बाराही महिने पावसाळ्यात असतो, रात्री थंड, दिवसा गरम. तो हॉलमध्ये आणा. शिवाय श्रावण. ताटातला मासा बंद झाला की लोकांना टँकमधला आठवतो आणि मुलांच्या हट्टाने पिशव्या घरी येतात. दुकानात अनेक टँकना एकच जाळी फिरते, तेव्हा घ्यायच्या टँकमधलेच नाही, शेजारचेही मासे बघा. एकजण जरी अंग घासत असला तरी रिकाम्या हाताने परत या, मग दुकान क्रॉफर्ड मार्केटमधलं असो की घराखालचं.

उपचाराला कंटाळून मासे मासुंदा किंवा उपवन तलावात नेऊन सोडायचे नाहीत. तिथल्या माशांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही. मेलेला मासाही तिथे टाकायचा नाही, कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या.

नवा मासा आणला की दोन आठवडे वेगळ्या प्लास्टिकच्या टबात, स्पंज फिल्टर लावून. त्या टबाची जाळी आणि पाण्याचा मग वेगळा. एकच जाळी असेल तर वापरल्यावर कडकडीत वाळवा, कोरडेपणात इक टिकत नाही. पावसाळ्यात जाळी वाळत नाही, म्हणून पन्नास रुपये जास्त घाला आणि दुसरी घ्याच. नवी झाडंही थेट टँकमध्ये नकोत. आठवडाभर मासे नसलेल्या बादलीत, खिडकीपाशी. पानाला चिकटलेल्या कवचातून पिल्लं निघाली तरी त्यांना मासा मिळत नाही. बादलीवर जाळी बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि फवारणीवाले दार ठोठावतील.