बटाट्याचा प्रयोग फसला? परासरणातल्या या चुका टाळा

सोलापुरात माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं जीवशास्त्राच्या शिकवणीला येतात. बटाट्याची एक फोड साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात ठेवून परासरणाचा (पेशीच्या पटलातून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाण्याचा) प्रयोग घरी करून या म्हटलं की कुणीतरी तोंड पाडून येतंच. "साध्या पाण्यातली फोड फुगलीच नाही ओ मॅडम. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, खारट."

बोअरवर उगाच आळ! लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम क्षार धरले, तरी बटाट्याच्या पेशीतला रस त्याहून बराच दाट असतो. सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, हा रस साधारण त्याच तोलाचा. म्हणजे बोअरच्या पाण्यातही फोड फुगायलाच हवी. खोदून विचारल्यावर कळलं, बटाटा रात्रभर फ्रीजरमध्ये होता. बर्फाच्या स्फटिकांनी प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, फाटलं. पटलच धड नसेल तर परासरण कसलं? उकडलेल्या बटाट्याचंही तेच. म्हणून तिसऱ्या वाटीत उकडलेली फोड मुद्दाम ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल.

बाकी चुका किरकोळ. साल ठेवू नका. वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ पुरे. दहा मिनिटांत फोडी उचलू नका, दीड-दोन तास द्या. वजन करण्याआधी फडक्याने टिपा, नाहीतर वरचं पाणीच मोजाल. काटा नसेल तर फोड वाकवून बघा: मिठातली लवते, साध्या पाण्यातली कट्कन मोडते.

खरी पडझड उत्तरपत्रिकेत होते. "परासरण म्हणजे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे," असं लिहून पोरं मोकळी. अरे, संहती, म्हणजे प्रमाण, कशाची? मिठाची की पाण्याची? मिठाची धरली तर उत्तर नेमकं उलटं पडतं. गोंधळ झाला की काकडीची कोशिंबीर आठवा. मीठ आधी घातलं की ताटात येईपर्यंत कुटाचा लगदा होतो, कारण काकडीतलं पाणी मिठाच्या बाजूला येतं. पाणी दोन्ही बाजूंनी ये-जा करतच असतं, फक्त मिठाकडे जाणारं जास्त भरतं.

तसंच, "दोन्हीकडची संहती सारखी झाली की थांबतं" हे सरसकट लिहू नका. साध्या पाण्यातल्या वनस्पतिपेशीत ती सारखी होतच नाही, पेशीभित्तिकेचा (पटलाबाहेरच्या ताठ भिंतीचा) दाब वाढून पाणी थोपतं. तांबड्या रक्तपेशीला भित्तिका नाही, ती फुटते.

आणखी एक खोड: पटलातून ने-आण करणारं प्रथिन दिसलं की एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्ची टाकायचा. ॲक्वापोरिन ही पटलातली पाण्याची वाट, हे प्रथिनच, पाणी त्यातून फुकट जातं. (त्याच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.) ग्लुकोज तांबड्या पेशीत शिरतं तेही सुलभ विसरणाने (प्रथिनाच्या वाटेने, जास्तीकडून कमीकडे), एटीपीविना. एटीपी लागतो तो सोडियम-पोटॅशियम पंपाला: 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत.

याच पंपाच्या जिवावर ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं क्षार-ग्लुकोजचं पाणी, चालतं. पंपाने पेशीतलं सोडियम कमी ठेवलेलं असतं, म्हणून आतड्यातलं सोडियम ग्लुकोजचा हात धरून आत येतं आणि मागोमाग पाणी. मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी हे पाकीट फुटतं आणि पोराला आवडावं म्हणून वर दोन चमचे साखर पडते. ती जादा साखर न शोषता आतड्यात राहते, उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, वरून काही घालू नका.