पायथॉनमधून सी आणि फोरट्रानची फंक्शनं कशी बोलवायची

जळगाव-धुळ्याकडे प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांचं बऱ्याचदा असं होतं की डेटा पायथॉनमध्ये आणि हिशोबाचा जुना कोड सीमध्ये नाहीतर फोरट्रानमध्ये, मग बसतात सगळं परत लिहीत. नका लिहू भाऊ. चालणारा कोड तसाच राहू द्या, मधे सीची पद्धत ठेवा, कारण जवळपास सगळ्या भाषांना सीचं फंक्शन बोलवता येतं.

समजा सीमध्ये सरासरी नावाचं फंक्शन आहे आणि त्याला रावेरच्या केळीच्या घडांची वजनं द्यायचीत. डबलचा (दशांश आकड्यांचा प्रकार) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, द्या आणि आकडे किती आहेत तेही द्या, ॲरे कुठे संपला ते सीला आपोआप कळत नाही. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला शेअर्ड आणि एफपीआयसी हे फ्लॅग देऊन डॉट एसओ फाइल (दुसऱ्या प्रोग्रामला लोड करता येणारी लायब्ररी) बनवा, ती पायथॉनमध्ये सीटाइप्स या मॉड्यूलने लोड करा, आणि आर्गटाइप्स (काय पाठवतोय त्याचे प्रकार) व रेसटाइप (उत्तराचा प्रकार) दोन्ही लिहाच. रेसटाइप सोडला तर सीटाइप्स उत्तर इंट, म्हणजे पूर्णांक, आहे असंच धरतं, आपलं डबल उत्तर पडलेलं असतं प्रोसेसरच्या वेगळ्याच रजिस्टरमध्ये, त्यामुळे भलताच आकडा येतो आणि एरर काहीच नाही. क्रॅश परवडला, हे नाही परवडत. नमपाय या पायथॉनच्या आकड्यांच्या लायब्ररीचा ॲरे असेल तर तो फ्लोट64 चाच, म्हणजे सीच्या डबलसारखाच, आहे ना तेही बघून घ्या.

सी प्लस प्लसचा कंपायलर फंक्शनच्या नावाला टाइपची अक्षरं चिकटवतो, म्हणून तिथे एक्सटर्न सी लावा, म्हणजे नाव आहे तसंच राहतं. फाइलमध्ये नाव खरंच काय पडलंय ते एनएम कमांडने दिसतं.

फोरट्रानला 2003 च्या स्टँडर्डपासून सीशी जोडायला बाइंड सी आणि आयएसओ सी बाइंडिंग आहे, तेच वापरा, नाहीतर जीफोरट्रान हा कंपायलर नावाच्या शेवटी अंडरस्कोर लावतं. साधा आकडाही तिथे पत्त्यानेच जातो, व्हॅल्यू लिहिलं तरच थेट जातो. पण खरी गंमत टेबलची. रावेर, यावल, चोपडा या तीन ओळी आणि केळी, कापूस हे दोन कॉलम घ्या. सी मेमरीत रावेरची केळी, रावेरचा कापूस, मग यावलची केळी असं ठेवतं, फोरट्रान आधी तिन्ही तालुक्यांची केळी ठेवतं आणि मग कापूस. तसंच पाठवलं तर यावलच्या केळीच्या जागी रावेरचा कापूस वाचला जातो. नमपायमध्ये ॲरे एफ ऑर्डरने, म्हणजे फोरट्रानच्या क्रमाने, बनवला की झालं.

मेमरी ज्या बाजूने घेतली त्याच बाजूने सोडायची, सगळ्यात सोपं म्हणजे बफर (उत्तरासाठीची मेमरीतली जागा) पायथॉननेच द्यायचा आणि सीने फक्त भरायचा. आणि एकेक आकड्यासाठी लूपमध्ये कॉल करू नका, प्रत्येक कॉलला वेळ लागतो, अख्खा ॲरे एकदाच पाठवा.

मोठी फाइल देण्याआधी 18, 20, 25 हे तीनच आकडे पाठवून बघा, सरासरी 21 यायला पाहिजे, नाही आलं तर आधी रेसटाइप तपासा.