थॉथ टॅरोचा अभ्यास: पुस्तकं निवडताना एक पत्ता हाताशी ठेवा

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, आणि थॉथ हा त्यांचा एक डेक, म्हणजे संच. तो घरी आला की पहिले काही दिवस नुसती चित्रं बघण्यात जातात. मग आपण नागपूरच्या बर्डीवर, बाजारात जातो आणि ‘टॅरो’ असं नाव दिसेल ते पुस्तक उचलून आणतो. मीही तशीच तीन पुस्तकं आणली. माझ्या पत्त्यावर मेंढा होता आणि तिन्ही पुस्तकांत त्याचा पत्ताच नव्हता. पुढची पुस्तकं मी त्या मेंढ्याला धरूनच निवडली, तीच रीत इथे सांगते.

आधी वही, मग पुस्तक

डेकमधून फोर ऑफ वाँड्स, म्हणजे दांड्यांच्या गटातला चार आकड्याचा पत्ता काढा. दांड्यांचं एक चक्र दिसेल, दांड्यांच्या टोकांना मेंढ्यांची डोकी आणि कबुतरं. शुक्राची आणि मेषेची खूण, खाली ‘कम्प्लीशन’ हे नाव. जे कळत नाही ते प्रश्न करून वहीत लिहा. मेंढा का? कबुतर का? चार आकड्याचा पूर्णत्वाशी संबंध काय? एवढे तीन प्रश्न पुरतात.

दुकानात काय उघडून बघायचं

पुस्तकात हाच पत्ता उघडा. तिथे चार खांब, फुलांची माळ आणि हात उंचावलेली माणसं यांचं वर्णन असेल, तर ते पुस्तक १९०९ च्या रायडर-वेट डेकचं आहे. ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. पुस्तक चांगलंही असेल, पण तुमच्या डेकचं नाही. नावांवरूनही ओळखता येतं: थॉथमध्ये ‘टेम्परन्स’ला ‘आर्ट’ म्हणतात, ‘स्ट्रेंग्थ’ला ‘लस्ट’, ‘पेंटॅकल्स’ना ‘डिस्क्स’. सगळ्यात फसवतो तो ‘नाइट’. थॉथमध्ये राजा नावाचा पत्ताच नाही. नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस असा क्रम आहे आणि नाइट सर्वांत वर. दुसऱ्या डेकच्या पुस्तकातून नाइटचा अर्थ घेतला तर सगळं रीडिंग घसरतं.

ऑनलाइन मागवत असाल तर नमुन्याची पानं वाचल्याशिवाय पैसे भरू नका. शेवटची सूची दिसली तर तीत लेडी फ्रीडा हॅरिस हे नाव शोधा. इंग्रज गूढविद्या-लेखक अ‍ॅलिस्टर क्रोली यांच्या कल्पनेवरून ही चित्रं त्यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवली, त्यासाठी प्रक्षेपीय भूमिती शिकल्या. पत्त्यांवरच्या त्या एकमेकींतून जाणाऱ्या रेषा तिथूनच आल्या. त्यांचा शेवट १९६२ मध्ये श्रीनगरला झाला. पत्ते छापून बाजारात यायला १९६९ उजाडलं. चित्रकार बाईंचा उल्लेखही न करणारं पुस्तक मी घेत नाही.

तीन पुस्तकं, या क्रमाने

पहिलं लॉन मायलो ड्युकेट यांचं थॉथ टॅरोवरचं २००३ चं पुस्तक. भाषा मोकळी आहे आणि क्रोलींच्या शब्दांची भीती जाते. दुसरं खुद्द क्रोलींचं ‘द बुक ऑफ थॉथ’. १९४४ मध्ये त्याच्या फक्त २०० क्रमांकित प्रती निघाल्या होत्या, आता पुनर्मुद्रणं मिळतात. तिसरं कब्बाला या ज्यू गूढविद्येसाठी, डायन फॉर्च्यून यांचं १९३५ चं ‘द मिस्टिकल कबाला’. तिघांनाही वहीतले तेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी लिहा. जुनी प्रत घेताना आकृत्या आणि मागचे तक्ते स्वच्छ वाचता येतात का, ते उजेडात धरून बघा.

ज्योतिष येत असेल तर इथे थांबा

नागपुरातल्या महाल भागात राहणारी माझी मावशी पत्रिका बघते. हा पत्ता बघून ती म्हणाली, “मेषेचा तिसरा द्रेष्काण गुरूचा. शुक्र कुठून आणला तू?”

तिचं बरोबर होतं आणि पत्त्याचंही. टॅरोतले दोन ते दहा आकड्यांचे ३६ पत्ते राशींच्या दहा-दहा अंशांच्या ३६ भागांवर, म्हणजे द्रेष्काणांवर बसवले आहेत. आपल्याकडे द्रेष्काणाचे स्वामी त्या राशीचा, तिथून पाचवीचा आणि नववीचा असे येतात: मेषेला मंगळ, रवी, गुरू. टॅरोची ही मांडणी जिथून आली त्या गोल्डन डॉन या इंग्रज गूढविद्या मंडळाच्या परंपरेत मात्र ग्रह शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने फिरत राहतात. म्हणून मेषेला मंगळ, रवी, शुक्र. पहिले दोन जुळतात आणि तिसऱ्यावर वाट फुटते. शिवाय ही राशीगणना सायन, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेली आहे. आपल्या निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजणाऱ्या पंचांगाशी सुमारे २४ अंशांचा फरक पडतो, त्यामुळे या पत्त्याचा काळ साधारण ११ ते २० एप्रिल येतो.

गुरू याही पत्त्यात आहे, पण तो दुसऱ्या दाराने येतो. चार हा कब्बालातल्या दहा स्थानांपैकी ‘चेसेद’चा आकडा आणि चेसेदचा ग्रह गुरू. राशीतला शुक्र आणि आकड्यातला गुरू हे दोन वेगळे धागे आहेत, असं स्पष्ट सांगणारं पुस्तक हाती लागलं की ते ठेवून घ्या. मावशीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने स्वतःहून वही मागितली.

क्रोलींचं ‘७७७’ एवढ्यात नको. त्यात जवळजवळ सगळे तक्तेच आहेत. टू आणि थ्री ऑफ वाँड्स याच पद्धतीने लिहून काढा, मेष पूर्ण होईल, मग वृषभेकडे वळा. बारा राशींचे ३६ पत्ते वहीत आले की तक्ते मागवा.